वजनकाटा, कंबर आणि चाळिशी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला विषय निवडायला सांगितलं, तेव्हा 'कृत्रिम बुद्धिमत्ता' यावर बोल असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून तो साहजिकच होता. पण आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त चर्चा कशाची झाली, हे पाहिलं तर उत्तर वेगळंच येतं. वजन, पोट, शुगर आणि 'हल्ली काहीही खाल्लं तरी अंगाला लागतं.' म्हणून मी आज त्यावरच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. समोर बसलेल्या आपल्या डॉक्टर मंडळींना मी हे टिपण आधी वाचायला दिलं होतं. तरी कुणाच्या औषधगोळ्यांचा निर्णय माझ्या भाषणावरून होऊ नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. या वयात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: 'चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो.' पार्लरमध्ये, जिममध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात, सगळीकडे. तर पहिली गोष्ट अशी की हे खरं नाही. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त माणसांचा, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजचा ऊर्जेचा खर्च त्यात मोजलेला होता. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं, तर २० ते ६० या वयात हा खर्च जवळजवळ सपाट रेषेत राहतो, असं दिसलं. साठीनंतर तो हळूहळू उतरतो. आणि मैत्रिणींनो, पाळी थांबण्याच्या काळातही त्या रेषेत खड्डा दिसला नाही.

मग पोट सुटतं ते का? शरीराचं इंजिन मंद झालेलं नसतं. तीन गोष्टी बदललेल्या असतात: चरबी कुठे साठते, स्नायू किती उरलेत आणि आपण दिवसभरात किती हलतो. या तिन्हींशी एका संप्रेरकाचा संबंध आहे. त्याचं नाव इस्ट्रोजेन.

आधी चरबीबद्दल. चरबी म्हणजे नुसता साचलेला कचरा, असं आपण धरून चालतो. खरं तर ते एक गोदाम आहे, आणि ते कुठल्या जागी आहे यावर बरंच अवलंबून असतं. मांड्या, नितंब आणि कातडीखालची चरबी ही तुलनेनं शांत असते. जास्तीची ऊर्जा तिथे ठेवली की ती गुपचूप राहते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी वेगळी. ती सतत फॅटी ॲसिड रक्तात सोडत असते आणि तिथून निघणारं रक्त थेट यकृताकडे जातं. यकृतात चरबी भरली, की इन्शुलिनचं म्हणणं ते नीट ऐकेनासं होतं, आणि गरज नसतानाही साखर रक्तात सोडत राहतं. ट्रायग्लिसराइड्स वाढतात, रक्तदाब वाढतो. आपल्या वयाच्या अनेक लोकांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' असं लिहिलेलं असतं. त्यामागे बहुतेक वेळा ही आतली चरबी असते.

मुली वयात येतात तेव्हा त्यांची चरबी मांड्या-नितंबांकडे जाते, मुलांची तशी जात नाही. हे काम इस्ट्रोजेन करतं. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यासाठी लागणारा साठा तो तिथे ठेवतो, आणि पोटाच्या आतलं गोदाम शक्यतो बंद ठेवतो. इन्शुलिनचं म्हणणं स्नायूंना आणि यकृताला ऐकू यावं, यातही त्याचा हातभार असतो. म्हणूनच पस्तिशी-चाळिशीपर्यंत त्याच घरात, तेच जेवण जेवणाऱ्या नवऱ्याचं पोट आधी सुटतं, बायकोचं नंतर.

मित्रांनो, लगेच खुर्चीत मागे टेकू नका. इस्ट्रोजेन तुमच्याही अंगात असतं. पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग आला होता. २० ते ५० वयाच्या निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधानं थांबवलं, मग ते वेगवेगळ्या मात्रेत परत दिलं. त्यातल्या एका गटात त्याचं इस्ट्रोजेन होऊ दिलं, दुसऱ्या गटात होऊ दिलं नाही. निष्कर्ष गमतीचा होता. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून होती, पण अंगावर चरबी चढली ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे. तेव्हा हा नुसता 'बायकांचा विषय' नाही.

आता पाळी थांबण्याचा काळ. युरोप-अमेरिकेत पाळी सरासरी ५१ व्या वर्षी थांबते. भारतात हे वय सरासरी ४६-४७ आहे. म्हणजे आपल्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मैत्रिणी या क्षणी त्या वळणावर आहेत, आणि त्याबद्दल बोलायची आपल्याला सवय नाही. गरम वाफा, घाम, रात्री दोनला उघडणारे डोळे, एवढंच बोललं जातं. शरीरात शांतपणे चाललेला बदल बोलण्यात येत नाही.

अमेरिकेत १९९६ पासून 'स्वान' नावाचा एक अभ्यास चालू आहे. मध्यमवयीन स्त्रियांना वर्षानुवर्षं नियमित बोलावून त्यांची मोजमापं घेतली जातात. त्यातल्या बाराशेहून जास्त स्त्रियांची चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजून २०१९ साली निष्कर्ष आले. पाळी कायमची थांबण्याच्या साधारण दोन वर्षं आधी चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो. त्याच वेळी स्नायू घटू लागतात. हे पाळी थांबल्यानंतर आणखी दोनेक वर्षं चालतं, आणि मग रेषा सपाट होते. पण वजनाचा आलेख पाहिला तर या काळात वेगळी अशी उसळी दिसतच नाही. वजन आधी ज्या चालीनं वाढत होतं, त्याच चालीनं वाढत राहतं.

माझ्या कामात अशी परिस्थिती ओळखीची आहे. स्क्रीनवर एकूण आकडा स्थिर दिसतो, सगळे निश्चिंत असतात, आणि आत एक गोष्ट वाढतेय व दुसरी घटतेय म्हणून बेरीज जुळलेली असते. अशा वेळी तो एकच आकडा कितीही वेळा पाहिला तरी उपयोग नसतो. मोजायची गोष्ट बदलावी लागते. बाथरूममधला वजनकाटा चरबी आणि स्नायू एकत्र तोलतो. स्नायू दोन किलो गेले आणि पोटात दोन किलो चरबी आली, तर काटा म्हणतो, 'छान, काही बदल नाही.'

ही फसगत आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी मोठी आहे, आणि ती जगाला दाखवून दिली आपल्याच पुण्यानं. के.ई.एम. हॉस्पिटल, पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर लिहिला आणि स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी-शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकसारखा: २२.३. कुणीही म्हणेल, दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. कारणांची चर्चा करताना त्यांनी मिश्कीलपणे असंही नोंदवलं की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. अंधेरीतल्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या कुणालाही हा व्यायाम पाठ आहे.

त्याच मजकुरात दुसरं एक कारण होतं, ते गंभीर होतं. याज्ञिकांचं जन्माचं वजन कमी होतं. त्यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं पोटानं आणि स्नायूंनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्यामानानं राखलेली होती. म्हणजे बारीक दिसणारं बाळ चरबीच्या बाबतीत बारीक नव्हतं. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी आपण असे घडलो. तेव्हा भारतीय स्त्री पाळी थांबण्याच्या वळणावर येते, ती मुळातच कमी स्नायू आणि जास्त चरबी घेऊन. त्यात इस्ट्रोजेनचा आधार सुटतो, आणि तोही पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी ठरवली आहेत. बीएमआय २५ ऐवजी २३ लाच सावध व्हायचं. आणि कंबर स्त्रियांची ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९० सेंटीमीटर, ही मर्यादा. कंबर म्हणजे साडीचा परकर किंवा जीन्स बांधतो ती जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता मोजायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, पहिल्यांदा कंबर मोजली गेली. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रिया या रेषेच्या पलीकडे होत्या. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांत हे प्रमाण दहात पाच ते सहा होतं.

इथे आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांबद्दल तुम्ही वाचलं असेल. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसाठी २०१९ साली ८२,३०९ बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, आणि त्यांतल्या कितीतरी जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या होत्या. कामाचा खाडा नको, पाळीचा त्रास नको, म्हणून. गर्भाशय काढून बीजकोश ठेवले, तरी पाळी थांबल्यावर येणारे बदल सरासरीनं लवकर येतात. बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात पडतं. निसर्ग जे काही वर्षांत करतो, ते ऑपरेशनच्या टेबलावर एका सकाळी होतं. मधुमेह, हाडं, हृदय, सगळ्याचा धोका त्या बाईच्या वाट्याला पंधरा वर्षं आधी येतो. शहरातही 'आता मुलं झालीत, काढून टाकू' हे सहज म्हटलं जातं. तुमच्या घरात, कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लावा. आणि 'बीजकोश ठेवणार आहात ना?' हा प्रश्न विचारायला लावा.

आता हालचालीबद्दल. प्रयोगशाळेतल्या उंदरिणी चाकावर किती धावतात, हे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकापासून मोजत आले आहेत. इस्ट्रोजेनचा चढ असतो त्या दिवशी त्या सगळ्यात जास्त धावतात. बीजकोश काढले, की धावणं पार खाली येतं. त्यांचं वजन वाढतं ते नुसतं खाण्यानं नाही, मोठ्या प्रमाणात न हलण्यानं. इस्ट्रोजेन मेंदूच्या ज्या भागावर काम करतं, तिथे हलण्याची इच्छाही तयार होते. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि आपल्याला इच्छेविरुद्धही चपला घालून बाहेर पडता येतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर 'उठवतच नाही गं' असं जी म्हणते, तिला आळशी ठरवायच्या आधी हे आठवा.

मग उपाय काय? पहिला प्रश्न नेहमी येतो: बाहेरून इस्ट्रोजेन घ्यावं का? २००२ साली अमेरिकेतल्या एका फार मोठ्या चाचणीचे निकाल आले. १६,६०८ स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देऊन पाहिलं होतं. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि चाचणी मध्येच थांबवली. जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्याच चाचणीत, गोळ्या घेणाऱ्या गटात नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी होतं, हे मात्र फार थोड्यांनी ऐकलं. त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी थांबल्यापासून थोड्या वर्षांत सुरुवात करणाऱ्या निरोगी बाईचा हिशेब वेगळा असतो, असं आता मानतात. गरम वाफांनी जगणं कठीण झालं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणानं बोला, सहन करत बसण्यात मोठेपणा नाही. पण पोट कमी करण्यासाठी हे औषध कुणी देत नाही, आणि देऊही नये.

दुसरा उपाय बायका स्वतःच शोधतात: जेवण तोडायचं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, आठवड्यातून दोन उपास आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी. आपल्या ग्रुपवर 'तीन आठवड्यांत सहा किलो' अशा पोस्ट येतात. या वयात नुसतं जेवण तोडून जे वजन उतरतं, त्यात स्नायूही जातात. काही महिन्यांनी वजन परत येतं, ते मुख्यतः चरबी होऊन. काटा तोच, बाई मात्र आधीपेक्षा अशक्त. ज्या वयात स्नायू धरून ठेवायचे, त्याच वयात आपण ते विकून खातो.

स्नायू का धरायचे? जेवल्यानंतर रक्तात जी साखर येते, तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यांचं दार उघडायला इन्शुलिनची किल्ली लागते. पण स्नायू आकुंचन पावत असताना ते दार इन्शुलिनशिवायही उघडतं. ज्याचं इन्शुलिन नीट काम करत नाही, त्याचंही. जिना चढताना मांडीचा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो. आणि काम थांबल्यावरही एक-दोन दिवस तो इन्शुलिनला जास्त चांगलं ओळखतो. इस्ट्रोजेन जी मदत करत होतं, तिचा बराचसा भाग व्यायाम या दुसऱ्या दारानं आत आणतो. मात्र हा परिणाम दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर आणि सोमवार ते शनिवार काही नाही, हे उपयोगाचं नाही. दोन दिवसांहून मोठा खंड पडू द्यायचा नाही, एवढा नियम पुरे.

व्यायामानं वजन उतरलं नाही, म्हणून महिन्याभरात सोडून देणारे खूप असतात. त्यांच्यासाठी चेन्नईचा एक अभ्यास सांगते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ साली तो प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचे गट केले. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला आणि खाणं सुधारायला लावलं, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. आणि त्या दुसऱ्या गटाचं वजन जवळजवळ होतं तिथेच होतं. काट्यानं त्यांना 'काही फरक नाही' असंच सांगितलं असतं. व्यायामानं वजन न उतरताही पोटाच्या आतली चरबी कमी होते, हे इतर अनेक अभ्यासांत स्कॅन काढून दिसलेलं आहे.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही. मध्यम गती कशी ओळखायची? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम गती. 'अहो, घरात दिवसभर उभीच असते की मी!' हे मला माहीत आहे. घरकामानं पाय दुखतात, पण बहुतेक वेळा श्वासाची गती वाढत नाही आणि स्नायूंवर नवा भार येत नाही. आयसीएमआरच्या एका मोठ्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, निम्म्याहून जास्त लोक पुरेसं हलत नव्हते. बायका पुरुषांहून मागे होत्या. आणि मुद्दाम व्यायाम म्हणून काही करणारे दहा टक्केही नव्हते.

जिमचे पैसे भरायलाच हवेत असं नाही. आपण अंधेरीकर आहोत. मेट्रोच्या स्टेशनांना जिने आहेत, सरकत्या जिन्याच्या अगदी शेजारी. वर्सोव्याची आणि जुहूची चौपाटी फुकट आहे. गिल्बर्ट हिलवर गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्या आहेत, गुडघे धड असतील तर आठवड्यातून एकदा चढा. घरात, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकून दंड. दोन हातांत दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उचलणं. सोपं वाटायला लागलं, की भार वाढवायचा, ही यातली खरी मेख आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला, शतपावलीचं शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. आणि ताटात प्रथिनं हवीत: दाट वरण, मोड आलेली मटकी, दही, पनीर, अंडी, मासे, ज्याच्या घरात जे चालतं ते. किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम, हा अंदाज. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात, हे लक्षात घेतलं की आपण किती मागे आहोत ते कळतं. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

बाई आणि सरांना वाटेल, हे सगळं या मुलांसाठी. तसं नाही. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत होतं, तर सत्तरीत नक्की होतं. फक्त कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि हळूहळू.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. यातलं काहीच महाग नाही, पण प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि आपल्या घरांत पंचेचाळिशीच्या बाईकडे स्वतःचा वेळ नसतो. सकाळचे डबे, ७.५० ची लोकल, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं. तिच्या पोटाबद्दल घरातला प्रत्येक जण बोलतो, पण तिचे चाळीस मिनिटं मोकळे कोण करतो? मित्रांनो, ही विनंती तुम्हाला. आठवड्यातले चार दिवस सकाळचा डबा किंवा संध्याकाळची भाजी तुम्ही घ्या. बायकोला 'तू चालायला जा' असा सल्ला देऊ नका, तिला जाता येईल एवढी जागा करून द्या. जमलं तर बरोबर जा, कारण ९० सेंटीमीटरची टेप तुमच्यासाठीही आहे.

आणि मैत्रिणींनो, आज सकाळपासून मी हॉलमध्ये 'अगं, किती जाड झालीस!' आणि 'तू बाई अजून तशीच!' ही दोन वाक्यं निदान वीस वेळा ऐकली. दोन्ही वाक्यांत आपण एकमेकींना काट्यावरच उभं करतो. जिला 'अजून तशीच' म्हटलं, तिची शुगर कदाचित वाढलेली असेल आणि ती बारीक दिसते म्हणून तिनं कधी तपासलीच नसेल. तेव्हा या महिन्यात तीन गोष्टी करा: कंबर मोजा, रक्तदाब मोजा आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणी करून घ्या. बारीक असाल तरीही.

वर्सोवा चौपाटीवर दर शनिवारी सकाळी साडेसहाला चालायला जमायचं, असं आमच्यातल्या सहा जणींनी ठरवलं आहे. पहिला शनिवार येत्या आठवड्यातला. ज्यांना यायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी मला नाव द्या. नवरेही चालतील, पण त्यांनी भरभर चालायला हवं.